जात्यावर शिकलेले पत्ते

फार पूर्वी, घाट ओलांडायचा तर तो पायांनीच, असा काळ होता. त्या काळी एका घाटाच्या पायथ्याशी एक लहानसे गाव होते. गावाबाहेर रस्त्याला दोन फाटे फुटत. एक फाटा घाट चढून पलीकडच्या मुलखात जाई आणि दुसरा नदीच्या कडेकडेने बाजारगावांकडे वळे. बरोबर त्या दुफाट्यावर करंजाचे एक जुने झाड होते आणि त्याच्या सावलीत एक म्हातारी पत्ते मांडून बसत असे.

ते पत्ते खेळण्याचे नव्हते. ते गोल होते, तळहातात मावतील एवढे. जुन्या लुगड्याचे कापड चिंचोक्याच्या खळीने थरावर थर चिकटवून ते घडवले होते आणि वरून त्यांना लाखेची चकाकी दिली होती. प्रत्येक पत्त्यावर एक चित्र होते. कशावर विहीर, कशावर साप, कशावर दिवा, कशावर नांगर, तर कशावर बंद दार. वाटसरू येई, आपला प्रश्न सांगे, डाव्या हाताने तीन पत्ते उचले. म्हातारी ते पाहून चार शब्द बोले आणि बदल्यात पसाभर दाणे घेई. गाव तिला पत्तेवाली आजी म्हणत असे.

त्याच गावात मथुरा नावाची एक बाई राहत असे. तिचा नवरा वारला होता, लेकी लांबच्या गावी नांदत होत्या आणि ती लोकांची दळणे दळून पोट भरत होती. पहाटे तिचे जाते सुरू होई ते उन्हे चांगली तापेपर्यंत चाले. मग पिठाच्या पाट्या घरोघर पोहोचवायच्या, नवे धान्य आणायचे, ते पाखडायचे, निवडायचे. तिचा उजवा खांदा निकामी होत चालला होता. संध्याकाळी हातातला तांब्या तिला जड वाटे. रात्री झोप लागे, पण सकाळी अंग कालच्याइतकेच शिणलेले असे. झोप मिळत होती. विसावा काही मिळत नव्हता.

पीठ पोहोचवायला जाताना तिला रोज करंजाखाली बसलेली आजी दिसे. खाली घोंगडी, वर सावली, समोर कापडावर मांडलेले पत्ते. मथुरा मनात म्हणे, 'काम असावे तर असे. बसायचे, बोलायचे आणि दाणे पदरात घ्यायचे.'

एके दिवशी तिने डोक्यावरची पाटी खाली उतरवली आणि विचारले, "आजी, मला पत्ते शिकवाल का?"

"का ग? जात्याशी भांडण झालं?"

"खांदा गेला माझा. हे बसून करायचं काम आहे, म्हणून म्हटलं."

म्हातारी बोळक्या तोंडाने हसली. "बसून करायचं आहे खरं. पण यानं माणूस दमतो बरं का."

"बसून कोण दमतं, आजी?"

"बस, म्हणजे कळेल."

म्हातारीचे डोळे अधू होत चालले होते आणि तिच्यामागे त्या जागेवर बसणारे कोणी नव्हते. गावाची रीत अशी होती, की पत्तेवालीने आपली वारस तयार करायची आणि पाडव्याच्या सकाळी, सगळ्या गावादेखत, तिला हाताला धरून त्या घोंगडीवर बसवायचे. त्या घोंगडीला लोक 'गादी' म्हणत. मथुरेच्या डोळ्यांसमोर तेव्हापासून ती गादीच तरळू लागली.

शिकवणी सुरू झाली. आजीने पहिल्यांदा पत्ते कालवायला शिकवले. गोल पत्ते पिसता येत नाहीत. ते कापडावर पालथे पसरायचे आणि दोन्ही तळव्यांनी भाकरीच्या पिठासारखे हलके हलके फिरवायचे. ते मथुरेला लगेच जमले. मग उचललेले तीन पत्ते डावीकडून उजवीकडे मांडायचे: पहिला होऊन गेलेल्याचा, दुसरा मनात असलेल्याचा, तिसरा पुढच्या पावलाचा.

"आणि चित्र उलटं आलं तर?" मथुरेने विचारले.

"गोल पत्त्याला कसलं उलटं नि सुलटं? तू इकडून बघ, तो तिकडून बघेल. बघायचं मात्र दोघांनी."

"पण अर्थ काय सांगायचा?"

"सांगेन. आधी नियम ऐक. नियम दोनच आहेत." आजीने काठी जमिनीवर टेकवली. "पहिला नियम. पत्ते उचलणारा आणि पत्ते वाचणारा, दोघांपैकी एक जरी दमलेला असला, तरी पत्ते मांडायचे नाहीत. आलेल्याला आधी पाणी द्यायचं, मग भाकर द्यायची, मग या सावलीत झोपू द्यायचं. उठल्यावर विचारायचं, 'बाबा, प्रश्न अजून आहे का?'"

"नसला तर?"

"नसला तर तो जाईल आपल्या वाटेनं."

"मग आपले दाणे?"

"तेही जातील त्याच्याबरोबर," आजी म्हणाली. "दुसरा नियम. एकदा सांगितलेला शब्द माघारी घ्यायचा नाही. जी शब्द माघारी घेईल, तिला गादी नाही. शब्द देताना जिभेनं दहादा विचार करावा, म्हणून पूर्वीच्यांनी हा नियम घातला आहे."

दुसरा नियम मथुरेला पटला. पहिला मात्र तिला भोळसटपणाचा वाटला. दुफाट्यावर येणारा कोण दमलेला नसतो?

अर्थ शिकण्याची वेळ आली तेव्हा तिने आपल्याच पद्धतीने ते शिकून घेतले. जात्यावर बसले की तिला ओवी लागे. ओवीशिवाय तिचा हात फिरत नसे. तिने पत्त्यांचे अर्थ ओवीत बसवले आणि दळता दळता ती गुणगुणू लागली:

'विहीर म्हणजे ओढ, साप म्हणजे दावा,
बंद दार म्हणजे नाही, दिवा म्हणजे सांगावा.'

अशा कितीतरी ओळी तिने रचल्या. थोड्याच दिवसांत एकही पत्ता असा उरला नाही, की ज्याचा अर्थ तिच्या तोंडून दाण्यासारखा घळकन पडणार नाही. तिने मोठ्या अभिमानाने आजीला सगळे म्हणून दाखवले.

आजीने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग ती म्हणाली, "पाठ छान झालं. आता सांग, विहिरीच्या काठावर काय ठेवलंय?"

मथुरेने ओवी मनात घोळवून पाहिली; तिच्यात काठ नव्हता.

"घागर आहे. तिचा काठ फुटलेला आहे. पोरी, जात्यावर दाण्याचं पीठ होतं; चित्राचंही पीठच होतं. चित्र बघायचं असतं."

"बघेन हो," मथुरा म्हणाली. पण त्या दिवशी तिला तीन घरची दळणे पोहोचवायची होती. बघायला सवड होती कोणाला?

दिवस सरत गेले आणि पाडवा उद्यावर आला. सणाच्या आदल्या दिवशी दळणाऱ्या बाईची काय अवस्था होते, ते तिचे तिलाच ठाऊक. घराघरांतून डाळी आल्या, गहू आले. मथुरा कोंबडे आरवण्याच्या आधीपासून जात्याशी बसली होती. त्यातच आजीचे डोळे फार दुखू लागले, म्हणून आजचा दिवस करंजाखाली तिनेच बसायचे ठरले. पाट्या पोहोचवून ती तशीच, पिठाने माखलेल्या हातांनी, जाऊन बसली. सणासाठी घरी परतणाऱ्यांची रीघ लागली होती. कोणाचा बैल हरवलेला, कोणाची सोयरीक मोडलेली. ऐकून ऐकून तिचे डोके भणभणले. बसूनही माणूस दमतो, हे तिला त्या दिवशी कळले.

उन्हे उतरली. तिने पत्ते गोळा करायला घेतले, तोच किणकिण असा आवाज आला. एक उतारवयाचा कासार समोर उभा होता. त्याच्या दोन्ही खांद्यांवर बांगड्यांच्या माळा होत्या, पाय धुळीने पांढरे झाले होते आणि ओठ सुकून गेले होते.

"पत्ते मांडता ना, बाई?"

"आज मिटलं, दादा. उद्या पाडवा आहे. परवा या."

"परवा येऊन काय करू? बारसं उद्या आहे." आणि न विचारताच तो मटकन खाली बसला.

मग तो सांगू लागला. घाटापलीकडच्या गावात त्याने आपली एकुलती एक लेक दिली होती. लग्नात मानपानावरून कुरबुर झाली. व्याह्यांनी उशिरा पाट मांडला, म्हणून हा भरल्या मांडवातून न जेवता उठला आणि सर्वांसमोर म्हणाला, "तुमच्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावणार नाही." त्यानंतर त्याने लेकीचे तोंड पाहिले नव्हते. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, पण घरात आई नव्हती आणि बाप रुसलेला. पोरीचे बाळंतपण सासरीच झाले. नातू झाल्याचे त्याला बाजारात कोणा तिऱ्हाइताकडून कळले.

"बोलावणं आलेलं नाही," तो म्हणाला. "कालपासून चालतोय. इथपर्यंत आलो आणि पाय उचलेना. एवढंच सांगा, जाऊ का माघारी फिरू?"

आजीचा पहिला नियम मथुरेला आठवला नाही, असे नाही. आधी पाणी. पण माठ केव्हाच रिता झाला होता आणि विहीर लांब होती. मग भाकर. मग झोप. म्हणजे हा मनुष्य उद्या उठेपर्यंत आपण इथेच! तिचा खांदा ठणकत होता. 'हे लवकर उठतील तर बरे,' एवढाच विचार तिच्या मनात होता. तिने पत्ते कालवले आणि कापड पुढे सरकवले.

त्याने पहिला पत्ता उचलला. साप.

"दावा," ती म्हणाली.

"खरं आहे," तो म्हणाला.

दुसरा पत्ता विहिरीचा निघाला. "ओढ." कासाराने मान खाली घातली आणि उपरण्याने डोळे पुसले.

तिसरा पत्ता निघाला बंद दाराचा. तिन्हीसांज होत आली होती. मथुरेने पत्त्याकडे पाहिले न पाहिले आणि जात्याच्या फेऱ्यासरशी यावेत तसे शब्द तिच्या तोंडून बाहेर पडले: "बंद दार म्हणजे नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे माघारी फिरा, दादा. दार बंद आहे."

त्याने उपरणे झटकले. मग म्हणाला, "बरोबर आहे. तरी मनाला वाटत होतंच." त्याने कनवटीची पुरचुंडी सोडली आणि तिच्यातले काही कापडावर ठेवले. "माझ्यापाशी दाणे नाहीत. हे घ्या. आता मला याचा उपयोग नाही."

तो उठला आणि नदीकडच्या फाट्याने निघून गेला. बांगड्यांची किणकिण लांब लांब जात विरली. मथुरेने सुटकेचा निःश्वास टाकला. मग तिने कापडावरची वस्तू उचलली.

त्या मनगट्या होत्या. काळे आणि पांढरे मणी एकाआड एक ओवून केलेल्या, तान्ह्या बाळाच्या. इतक्या लहान की तिची दोन बोटे मोठ्या कष्टाने आत जात होती. प्रत्येक गाठ बारीक आणि पक्की होती. हे काम घाईने झालेले नव्हते.

एवढ्यात काठी टेकत टेकत आजी आली. तिने काठीचे टोक माठावर हलकेच आपटले. माठ कोरडा वाजला.

"कोण आलं होतं?"

मथुरेने सगळे सांगितले.

"तिसऱ्या पत्त्याचं काय सांगितलंस?"

"माघारी फिरा म्हणाले. बंद दार आलं होतं."

"दार नीट बघितलंस?"

"अंधारून आलं होतं, आजी. पण मला पाठ आहे."

"हो. पाठ आहे," आजी म्हणाली. ते दोन शब्द मथुरेला रागावण्यापेक्षा जड गेले.

"मी जाते. त्यांना गाठून सांगते, की मी बोलले ते धरून चालू नका."

"शब्द माघारी घेणार? दुसरा नियम ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"उद्या पाडवा आहे."

"तेही ठाऊक आहे. पण मी करू काय?"

"मला कशाला विचारतेस? मी काय तुझ्यासाठी पत्ते मांडू?"

मथुरा पुन्हा खाली बसली. तिच्याखाली ती घोंगडी होती, जिच्यासाठी तिने इतके दिवस जात्यावर पाठांतर केले होते. नुसते गप्प बसले, तर उद्यापासून जाते सुटणार होते. कासार तर गेलाच होता. कोणाला काय कळणार होते? आणि पायांत चालण्याचे त्राण होते कुठे? तिने मनगट्यांवरून अंगठा फिरवला. मग जमिनीला हात टेकून, कण्हत, ती उठली. तिने पत्ते पदरात बांधले, घरून आपल्या वाटणीची भाकर घेतली आणि ती नदीच्या वाटेला लागली.

कासार फार लांब गेला नव्हता. त्याच्याही पायांत बळ नव्हते. वाटेवरच्या मारुतीच्या पारावर माळा उतरवून तो नुसता बसला होता.

"दादा," मथुरा धापा टाकत म्हणाली, "मी बोलले ते खोटं धरा."

कासाराने तिच्याकडे बघितले. "म्हणजे दार उघडं आहे?"

"ते मला ठाऊक नाही."

"अहो बाई!" तो चिडला. "मघाशी फिरा म्हणालात, फिरलो. आता म्हणता ते खोटं. माणसानं ऐकायचं तरी कुठलं? पत्ते वाचता का चेष्टा करता?"

"मी शिकाऊ आहे, दादा. पत्ते वाचलेच नाहीत मी. मला तुम्हाला उठवायचं होतं. दिवसभर दळून, बसून माझा जीव थकला होता आणि तुम्हीही थकला होतात. आपण दोन दमलेल्या माणसांनी मिळून तुमच्या लेकीचं दार लावून टाकलं."

कासाराने तिच्या पिठाने माखलेल्या हातांकडे पाहिले. थोड्या वेळाने त्याच्या मिशीत हसू आले. "शिकाऊ! आणि माझ्याच वाट्याला आलात. माझं नशीब सांगायला पत्ते कशाला हवेत?"

"ही भाकर खा. मग झोपा. उजाडल्यावर प्रश्न शिल्लक असला, तर मी पत्ते मांडते. या वेळी नीट बघून मांडते."

"काय ठेवलंय भाकरीबरोबर?"

"कांदा."

"मग बरोबर," तो म्हणाला आणि त्याने भाकर मोडली. अर्धी तिच्यापुढे केली. खाता खाता त्याचे डोळे मिटू लागले. मथुराही देवळाच्या भिंतीला पाठ टेकून जी कलंडली, ती किणकिण ऐकूनच जागी झाली.

पूर्वेकडे तांबडे फुटले होते. कासार नदीवर तोंड धुऊन आला होता आणि माळा खांद्यावर चढवत होता. मथुरेने घाईघाईने पदराची गाठ सोडली. "थांबा, दादा. पत्ते मांडते."

"नको, बाई. काल तो प्रश्न डोंगराएवढा वाटत होता. आज उठून बघतो, तर समोर नुसता घाट आहे. चढला की झालं."

"आणि दार बंद असलं तर?"

"तर वाजवीन की."

मथुरेने मनगट्या त्याच्या हातात ठेवल्या. त्याने त्या पुन्हा कनवटीला लावल्या आणि तो घाटाच्या दिशेने चालू लागला. मथुरा मागोमाग निघाली, पण तिचे पाऊल त्याच्यापेक्षा जड होते. दुफाट्यापर्यंतही तिला त्याची सोबत धरवली नाही.

करंजाखाली गाव जमले होते. दारोदार गुढ्या उभ्या राहिल्या होत्या, बायका नवी लुगडी नेसून आल्या होत्या. मथुरा धुळीने भरलेली, केस विस्कटलेले, अशी येताना दिसली, तेव्हा गावच्या देवळातल्या गुरवीणकाकूंनी हनुवटीवर बोट टेकवले.

"अगोबाई! गादीवर बसायच्या दिवशी तरी तोंड धुवावं ग! कुठे गेली होतीस उकिरडे फुंकायला?"

मथुरेला कोणी विचारले नव्हते. कासार घाट चढून गेला होता. तरीही तिने आदल्या संध्याकाळची हकीकत सर्वांसमोर सांगितली. पहिला नियम कसा मोडला तेही सांगितले आणि दुसरा कसा मोडला तेही.

लोकांत कुजबुज झाली. गुरवीणकाकू म्हणाल्या, "आज एक सांगेल, उद्या दुसरं सांगेल. हिच्यापुढे पत्ता उचलायचा कोणी?"

सगळे आजीकडे पाहू लागले. आजीने हात पुढे केला. मथुरेने पदरातले पत्ते काढून त्या हातावर ठेवले.

"नियम तो नियम," आजी म्हणाली. "गादी मिळणार नाही."

मथुरेने मान हलवली. तिने वाद घातला नाही. वाद घालायलाही अंगात बळ लागते. ती घरी गेली, तिने चार घास खाल्ले आणि सणाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती झोपून राहिली. दुसऱ्या पहाटे तिचे जाते पुन्हा सुरू झाले. त्या दिवशी जात्यावर ओवी मात्र नव्हती.

काही दिवस गेले. एका दुपारी मथुरा पिठाची पाटी डोक्यावर घेऊन दुफाट्यावरून जात असताना घाटाच्या बाजूने ओळखीची किणकिण आली. कासार उतरत होता. त्याच्या हातात एक गाठोडे होते.

"शिकाऊबाई!" तो लांबूनच ओरडला. "थांबा! बारशाच्या घुगऱ्या आणल्यात!"

तो करंजाखाली येऊन टेकला. आजीने त्याला पाणी दिले. आवाज ऐकून आसपासच्या बायका जमल्या. गुरवीणकाकू अर्थातच सर्वांच्या पुढे होत्या.

"गेलात ना? काय झालं?" मथुरेने विचारले. तिच्या डोक्यावरची पाटी तशीच होती.

कासाराने घोट घेतला आणि तो म्हणाला, "दार बंद होतं."

मथुरेचा चेहरा उतरला.

"बंद होतं," तो पुन्हा म्हणाला. "बाळंतिणीची खोली. बाळाला वारा लागू नये, म्हणून दार लोटून ठेवलेलं. अंगणात बारशाची गडबड, कोणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी खोलीबाहेर उभा. हात उचलतोय आणि खाली घेतोय. दाराखालच्या फटीतून शेगडीचा उजेड तेवढा बाहेर येत होता. तेवढ्यात माझ्या खांद्यावरच्या बांगड्या वाजल्या. आतून लेक म्हणाली, 'बाबा, ढकला दार. कडी लावलेली नाही.'" त्याने नाक ओढले. "लहानपणापासून ती ही किणकिण ऐकत आली होती. मी बोलण्याआधी तिनं ओळखलं मला. म्हणाली, 'बोलावणं कोणत्या तोंडानं पाठवायचं? तुम्ही म्हणाला होतात ना, उंबऱ्याला पाय लावणार नाही. रोज कान देऊन बसत होते.'"

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. गुरवीणकाकूंनीही लावला, पण लगेच काढला. "म्हणजे पत्ता खरा निघाला म्हणायचा. खोटी ठरली ती ही!"

"पत्ता खराही नसतो आणि खोटाही नसतो," आजी म्हणाली. "ते रंगवलेलं कापड आहे. खरा-खोटा असतो तो बघणारा. मथुरे, पाटी उतरव. इकडे ये."

तिने चाचपडत चाचपडत बंद दाराचा पत्ता काढला, लुगड्याच्या पदराने तो पुसला आणि मथुरेच्या हातावर ठेवला. "दिवसाउजेडी बघ आता."

मथुरेने पत्ता उन्हात धरला. दार काळेभोर होते, वर्षानुवर्षांच्या हाताळण्याने मळलेले. पण त्याच्या तळाशी, उंबऱ्याला लागून, केसाएवढी बारीक पिवळी रेघ होती. रंगवणाऱ्याने ती मुद्दाम काढली होती. मथुरेने तो पत्ता कितीतरी वेळा हाताळला होता, ओवीत घोळवला होता. ती रेघ तिने आज पहिल्यांदा पाहिली.

"उजेड आहे," ती हळूच म्हणाली.

"आहेच. ओसाड घराचं दार आतून लावायला कोण बसलंय?"

कासाराने घुगऱ्या सर्वांच्या हातांवर घातल्या. मथुरेला त्याने ओंजळभर दिल्या. मग तो नदीच्या वाटेने निघून गेला. पुढल्या खेपेला नातवाला पाळण्यातले खेळणे न्यायचे, म्हणून त्याला रंगीत लाकूड शोधायचे होते.

मथुरा पाटी उचलू लागली, तेव्हा आजी म्हणाली, "उद्यापासून ये. पहिल्यापासून शिकायचं."

"आणि गादी?"

"गादी नाही. पाडव्याला नव्हती, आताही नाही. शब्द माघारी घेणारीला ती मिळत नाही. पण तेवढ्यासाठी जी दुखऱ्या अंगानं उठून गेली, तिला शिकवू नये असा नियम माझ्या ऐकण्यात नाही."

मथुरा दुसऱ्या दिवशी आली. या वेळी तिने पत्ते पाठ केले नाहीत. ती रोज एकच पत्ता मांडीवर घेऊन बसे आणि त्यात काय काय आहे ते आजीला सांगे. विहिरीकाठची फुटकी घागर तिला दिसली. सापाच्या वारुळाशेजारी उगवलेले इवले गवत दिसले. सकाळी ती दोन दळणे कमी घेई आणि तेवढ्या वेळात माठ भरून ठेवी.

पुढे आजी गेली. गादी रीतीप्रमाणे रिकामीच राहिली. मथुरा तिच्या शेजारी साधी चटई टाकून बसे. आलेल्याला ती आधी पाणी देई, मग भाकर देई आणि मग ती चटईच त्याच्यासाठी मोकळी करी. पुष्कळ वाटसरू झोपून उठत, घाटाकडे एकदा बघत आणि काही न विचारता वाटेला लागत. त्या दिवशी दाणे मिळत नसत. तिचा खांदा शेवटपर्यंत दुखत राहिला. पण ज्या संध्याकाळी तो फार ठणके, त्या संध्याकाळी ती पत्त्यांवर कापड टाकी आणि समोरच्याला म्हणे, "आज मीही दमले आहे, बाबा. आपण दोघंही झोपू या. दार कुठं पळून जात नाही."

तात्पर्य: थकलेल्या डोळ्यांना दार दिसते, दाराखालचा उजेड दिसत नाही, म्हणून परत फिरायचे की पुढे जायचे, हे विसावा घेतल्यावाचून स्वतः ठरवू नये आणि दुसऱ्यालाही सांगू नये.